मेल्या अळ्यांची वाटी

त्या साली विहिरीनं तळ दाखवला. एरवी तळहाताएवढं होणारं तुतीचं पान दोन बोटांवरच थांबलं, आणि शेडमध्ये तर रेशमाच्या अळ्यांची अख्खी बॅच येऊन पडलेली. अळीला दुष्काळ कळत नाही. वेळ झाली की तिला पाला लागतो, आणि तो मिळाला नाही तर ती ओरडत नाही, भांडत नाही, नुसती डोकं वर करून इकडेतिकडे हलवत राहते. थोरलीला ते बघवायचं नाही. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत थोरलीला पुष्कळ गोष्टी बघवत नव्हत्या, आणि त्यातली पहिली म्हणजे धाकटी जाऊ.

धाकटीनं तिचं काही वाकडं केलं नव्हतं. तेच तर दुखणं होतं. माणसानं भांडायला काही निमित्त तरी द्यावं! धाकटीच्या हातून दूध उतू जायचं नाही, तिच्या मांडणीतल्या अळ्या मरायच्या नाहीत, आणि कोणी बोललं तरी तिचा आवाज चढायचा नाही. घरी आलेला पाहुणा पाणी थोरलीच्या हातचं प्यायचा आणि कौतुक धाकटीचं करून जायचा. चौदा वर्षं थोरली हे गिळत आली होती. गिळलेलं सगळंच पचतं असं नाही.

दोघींच्या पोरी तेरा-तेरा वर्षांच्या, चार महिन्यांच्या अंतरानं झालेल्या. थोरलीची ती भिंगरी. एका जागी ठरायची नाही म्हणून नाव पडलं. धाकटीची गोगी. गोगलगायीसारखं सगळं सावकाश, म्हणून. गोगीला हाक मारली तर ओ यायच्या आत आपण पाणी पिऊन यावं. थोरली हे सगळ्यांना हसत हसत सांगायची, आणि सांगताना तिला जरा बरं वाटायचं.

त्यात बीजगृहाचा निरोप आला. रेशमाची अंडी जिथून यायची त्या बीजगृहात दर घरातली एक मुलगी तीन महिने काम शिकायला घेणार होते. राहणं, जेवण त्यांचं. शिकून आलेल्या मुलीला पुढे तिथंच काम. एक घर, एक मुलगी. कोण जाणार ते सासरे ठरवणार होते.

सासऱ्यांच्या डोळ्यांवर सारा आलेला. उजेड-अंधार कळायचा, माणूस आवाजावरून. पण चाळीस वर्षं अळ्यांत घालवलेली बोटं शाबूत होती. त्यांनी दाराजवळच्या दोन मांडण्या पोरींच्या नावानं केल्या. भिंगरीच्या मांडणीच्या खांबाला लाल चिंधी, गोगीच्या खांबाला निळी. आतल्या दोन मांडण्या सुनांच्या. घरातले दोघे भाऊ पहाटेपासून लांबच्या ओढ्यावरून पाण्याची पिंपं वाहायचे, त्यांना मान वर करायला सवड नव्हती.

"पाला सगळ्यांना सारखा. सकाळी एक भारा, संध्याकाळी एक," सासऱ्यांनी सांगितलं. "आणि वाटी रोज माझ्यापुढं आली पाहिजे."

वाटी म्हणजे मेल्या अळ्यांची वाटी. त्या घरातला हा जुना नेम होता. रोज उजाडताच ज्यानं त्यानं आपल्या मांडणीतल्या मेलेल्या, मरगळलेल्या अळ्या वेचून वाटीत घ्यायच्या, आणि शेडच्या दारात स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्यापुढं उभं राहून किती ते मोठ्यानं सांगायचं. मग म्हातारा एकेक अळी चिमटीत धरून दाबून बघायचा, वास घ्यायचा आणि चुन्याच्या घमेल्यात टाकायचा. मेल्या म्हणून तो कधी कोणाला बोलला नव्हता. मेली अळी लपवली तर मात्र त्याच्यासारखा वाईट माणूस नाही. "मेलेली दाखवली तर उरलेल्या वाचतात," एवढंच तो म्हणायचा.

पहिल्या दिवशी भिंगरीच्या वाटीत अकरा, गोगीच्या तीन. दुसऱ्या दिवशी भिंगरीच्या नऊ, गोगीच्या तीन. थोरली दारात चुना पसरायच्या निमित्तानं उभी राहून ऐकायची. तीन! त्या गोगलगायीच्या वाटीत रोज तीनच कशा? अळ्या तरी हिला घाबरून मरत नाहीत की काय?

"तू करतेस काय गं आत?" तिनं भिंगरीला विहिरीवर गाठलं. "ती बघ. तीन!"

"ती पान पान बघून टाकते, आई. मला नाही एवढा वेळ धीर धरवत."

"धीर नाही तर जाऊ दे तिला बीजगृहात. तू बस इथं पिंपं घासत."

भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. ते पाहून थोरलीला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की तिचा राग दुप्पट व्हायचा. हा राग अर्थात धाकटीवर.

अळ्या शेवटची कात टाकायला झोपल्या आणि दीड दिवसानं उठल्या. या उठण्यानंतर अळी खा खा खाते. सात-आठ दिवसांत जेवढी फुगेल तेवढा कोष मोठा. आणि नेमका तेव्हा पाला तोकडा. बांधाबांधानं हिंडून, खरवडल्यासारखी तुती कापावी लागत होती. विळ्याच्या मुठीनं थोरलीच्या तळव्याला फोड आले, ते फुटले, आणि चुन्यात हात घातला की डोळ्यांत पाणी उभं राहायचं. त्या दिवशी खालच्या ओळीत तिला जरा हिरवा पाला दिसला. चार भारे व्हायचे तिथं पाच झाले. तिनं इकडेतिकडे पाहिलं. धाकटी पुढच्या बांधावर पाठमोरी होती.

पाचवा भारा थोरलीनं शेडच्या मागे नेला, ओल्या गोणपाटाखाली दाबून ठेवला आणि वर दोन फुटकी घमेली पालथी घातली. चोरी म्हणावी तर आपल्याच शेतातला पाला. नाही म्हणावी तर मग लपवला का? हा प्रश्न तिनं स्वतःला विचारलाच नाही.

दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा तिनं भिंगरीला मागे नेलं.

"हा जास्तीचा टाक. अर्धा आत्ता, अर्धा उद्या. तुझ्या अळ्या तिच्या दीडपट झाल्या पाहिजेत."

भिंगरीनं गोणपाटाखाली हात घातला. "आई, पाला गरम लागतोय."

"उन्हानं तुझाच हात गरम झालाय."

"आतनं गरम आहे. ओलापण झालाय. आजोबा म्हणतात तापलेला पाला..."

"आजोबांना दिसतं का? मला दिसतं. टाक मुकाट्यानं."

भिंगरीनं टाकला. आईनं सांगितल्यावर पोर दुसरं काय करणार? अळ्यांनी तो खाल्लाही, भुकेल्या होत्या बिचाऱ्या. थोरली मांडणीशी कान लावून उभी राहिली. पानं कुरतडल्याचा तो बारीक सरसर आवाज निळ्या मांडणीपेक्षा लाल मांडणीतून जास्त येत होता. कितीतरी दिवसांनी तिला पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे भिंगरी तिला हलवून उठवायला आली. बोलेना. हात धरून शेडमध्ये घेऊन गेली. लाल चिंधीच्या मांडणीत अळ्या लुळ्या पडल्या होत्या. उचलावी तर मधोमध लोंबकळायची, बोट लागलं की मऊ. वास येत होता.

"एकतीस आहेत," भिंगरी म्हणाली. "मी दोनदा मोजल्या."

थोरलीच्या डोक्यात पहिला विचार आला तो एकच, की आता बाहेर वाटी घेऊन उभं राहायचं, आणि धाकटी आतून ऐकणार.

"आठ ठेव वाटीत. बाकीच्या मागे पुर."

"आई, आजोबा..."

"आठ म्हणजे आठ!"

त्या दिवशी भिंगरी आठ म्हणाली. दुसऱ्या दिवशी नऊ. आजोबांनी नऊ अळ्या एकेक करून दाबल्या, जरा थांबले, "पाला कोरडा टाकतेस ना?" असं विचारलं. भिंगरीनं मान हलवली, मग आजोबांना मान दिसत नाही हे आठवून हो म्हणाली. तिचं जेवण तुटलं. एरवी घरभर वाजणारं तोंड मिटलं. थोरलीला ते दिसत होतं, पण तिचं अर्धं लक्ष गोगीच्या वाटीकडे. चार! आज चार! एक वाढली म्हणून तिला आनंद झाला, आणि एका मेल्या अळीचा आनंद व्हावा याची तिला लाजही वाटली नाही.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं काही राहत नाही, हे थोरली दुसऱ्यांना नेहमी सांगायची.

त्याच्या पुढच्या दिवशी लाल मांडणीत मरतुक फार झाली. भिंगरी पाटी भरून मागे पुरायला गेली, तिची वाटी लाल खांबाशी अर्धी भरलेली. शेजारी निळ्या खांबाशी गोगीची वाटी. गोगी हात धुवायला गेलेली, आणि तिचं हात धुणंसुद्धा एक सोहळाच. थोरली चुन्याचं घमेलं घेऊन मधे उभी होती. पुढचं तिनं ठरवून केलं असं तिला नंतरही वाटलं नाही. हात गेला. भिंगरीच्या वाटीतल्या मूठभर अळ्या उचलल्या आणि गोगीच्या वाटीत सोडल्या. त्या थंडगार, मऊ होत्या. हात तिनं पोलक्याला पुसला आणि झाडू लागली.

उजाडलं. म्हातारा स्टुलावर येऊन बसला. गोगी वाटी घेऊन पुढं झाली.

"किती?"

गोगी बोलायला वेळ लावायचीच. त्या दिवशी जरा जास्त लावला. "वाटीत सतरा आहेत, आजोबा."

"वाटीतल्या मला हाताला कळतात. तुझ्या किती?"

"मी चार वेचल्या होत्या."

आत पाला टाकणारी धाकटी थांबली. "गोगे, नीट सांग. मोजायला चुकली असशील."

"नाही चुकले. चार."

"मग तेरा काय चालत आल्या?" थोरली म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "हिच्या मेल्या की मात्र चारच असतात!"

"कशा आल्या माहीत नाही, मोठी आई. मी हात धुवायला गेले होते. बघितलं नाही ते मी कसं सांगू?"

म्हाताऱ्यानं एक अळी उचलली, दाबली, नाकाशी नेली. दुसरी उचलली. मग वाटी खाली ठेवून तो उठला आणि खांब चाचपत आत गेला. निळ्या मांडणीत पाल्याखाली हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग लाल मांडणीत घातला आणि झटकन बाहेर काढला.

"ही तापलीय," तो म्हणाला. "भिंगरे, किती दिवस?"

भिंगरी पाटी घेऊन मागच्या दारात उभी होती. "तीन."

"वाटीत तर आठ-नऊच येत होत्या."

"बाकीच्या पुरल्या. शेडमागं."

"किती?"

"पहिल्या दिवशी तेवीस. काल एकोणपन्नास. आज आत्ता अठ्ठ्याऐंशी."

"मोजून पुरल्यास?"

"तुम्ही म्हणता ना, न मोजता टाकायच्या नाहीत."

म्हाताऱ्यानं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. "पाला तापलेला टाकलास?"

"हो."

"आणि ह्या तेरा? ह्या गोगीच्या वाटीत कशा आल्या?"

भिंगरीला ते ठाऊक नव्हतं. ती मागे खड्ड्याशी होती. तिनं वाटीकडं पाहिलं, गोगीकडं पाहिलं, आणि मग एकदाच आईच्या पोलक्यावरच्या ओल्या डागाकडं पाहिलं.

"मी टाकल्या," ती म्हणाली.

थोरलीला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, पहिल्या झटक्याला हायसंच वाटलं. झाकली मूठ राहिली. पोर लहान आहे, चार दिवस बोलतील, विसरतील. सून चोरटी निघाली तर मात्र आयुष्यभर पुरेल, आणि त्या धाकटीच्या देखत!

"भिंगरे," म्हातारा सावकाश म्हणाला, "पाला तापतो. चूक होते. लपवलंस, ते वाईट, पण विचारल्यावर सांगितलंस. हे शेवटचं मात्र वेगळं आहे. आपलं मेलेलं दुसऱ्याच्या पदरात टाकणारा माणूस मला अळ्यांजवळ नको. ह्या शेडचा उंबरा आजपासून तू ओलांडायचा नाहीस. कधीच."

भिंगरीनं पाटी खाली ठेवली. लाल खांबाशी जाऊन चिंधीची गाठ सोडायला लागली. गाठ पक्की होती, तिनं दातांनी ओढली. चिंधी मुठीत घेऊन ती दाराकडं चालायला लागली. रडत नव्हती. एरवी पळत जाणारी पोर पायाखालचं बघत एकेक पाऊल टाकत होती. उंबऱ्यापाशी चुन्याचा पट्टा होता. तिथं तिनं पाय उचलला.

"त्या मी टाकल्या," थोरली म्हणाली.

म्हातारा आवाजाकडं वळला.

"मी टाकल्या, मामंजी. ती मागं होती, तिला पत्ताही नाही. पालाही मीच लपवला. पाचवा भारा. ती म्हणत होती गरम आहे, मीच टाकायला लावला. आठ म्हण, नऊ म्हण, तेही मीच." एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना. "तिचा गुन्हा एवढाच, की तिनं माझं ऐकलं."

धाकटी मांडण्यांच्या मधून पुढं आली. तिच्या हातात अजून पाला होता. "जाऊबाई," ती म्हणाली, "पाला मागितला असता तर मी माझ्यातला दिला असता."

कानाखाली वाजवली असती तर थोरलीनं सोसली असती. "हेच!" ती किंचाळली. "हेच मला सहन होत नाही तुझं! सदा न कदा चांगली! तुझ्या अळ्या चांगल्या, तुझी पोरगी चांगली, चौदा वर्षं जळतेय मी इथं!"

"मग मी काय करू?" धाकटीनं पाला खाली आपटला. तिचा आवाज कधी चढला नव्हता, तो चढला आणि फाटला. "वाईट होऊ तुमच्यासाठी? माझ्या पोरीला आज चोर ठरवलं असतंत तुम्ही! माझ्या पोरीला!"

धाकटीचा चेहरा लालबुंद झाला होता, नाक वाहत होतं. काय असेल ते असो, थोरलीला त्या क्षणी जाऊ पहिल्यांदा माणसासारखी दिसली.

"भांडण नंतर," म्हातारा म्हणाला. "आधी खड्डा. लाल मांडणी सगळी पुरायची. नाहीतर ह्या तीनही जातील."

खड्डा थोरलीनं खणला. जमीन दगडासारखी झालेली, कुदळ मारली की टणकन उडायची. तळव्याचे फोड पुन्हा फुटले आणि दांडा ओला झाला. कमरेइतकं खोल गेल्यावर भिंगरीनं पाट्या आणून ओतायला सुरुवात केली. मेलेल्या, अर्धमेल्या आणि धडधाकटसुद्धा. काही अळ्या पडता पडता पान कुरतडत होत्या. भिंगरीनं चुना टाकला आणि दोघींनी माती लोटली.

संध्याकाळी विहिरीवर हात धुताना थोरलीनं विचारलं, "तू का गं म्हणालीस, तू टाकल्यास?"

भिंगरी नखांतला चुना काढत होती. "मला वाटलं, मी म्हटलं की तू लगेच म्हणशील, नाही, मी टाकल्या."

"म्हणाले ना शेवटी."

"मी उंबऱ्यापर्यंत पोचले होते, आई."

थोरलीनं बादली ओढली, अर्धीच भरली होती ती वर घेतली.

बीजगृहात गोगी जाणार हे सांगावं लागलं नाही. चार दिवसांनी गाडी आली. गोगीनं पिशवी घेतली, सगळ्यांच्या पाया पडली, गाडीवाला दोनदा भोंगा वाजवून थकला. चढता चढता ती पुन्हा उतरली आणि भिंगरीच्या कानात काहीतरी बोलून आली. काय बोलली ते थोरलीनं विचारलं नाही. गाडीनं उडवलेली धूळ खाली बसेपर्यंत ती रस्त्याकडं बघत राहिली. त्या खिडकीत आपली पोरगी असती. ही कळ काही खड्ड्यात पुरली गेली नव्हती.

"निळी मांडणी आता जाऊबाई बघतील," धाकटी सासऱ्यांना म्हणाली.

"मी?" थोरली दचकली. "मी कशाला?"

"माझ्याच्यानं एकटीनं दोन होणार नाहीत, तुमच्या हाताशी भिंगरी आहे. आणि पाला तापतो हे तुमच्याइतकं आता कोणाला माहीत आहे?"

म्हातारा खोकल्यासारखं हसला. धाकटी मुळीच हसत नव्हती. चार दिवस ती जावेशी कामापुरतंच बोलत होती आणि हे बोलणंही कामापुरतंच होतं. थोरलीला ते सुसह्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना थोरली गोगीच्या मांडणीत वाकली. अळ्या पिकत आल्या होत्या, अंग पिवळसर, पारदर्शक. एक-दोन दिवसांत कोष करायला चढणार. तिनं पान पान उचलून पाहिलं. घाई करायची सवय असलेल्या हातांना ते जड जात होतं. मरगळलेल्या वेचून तिनं वाटीत घेतल्या आणि म्हाताऱ्यापुढं जाण्याआधी त्या आयुष्यात पहिल्यांदा पुन्हा मोजून पाहिल्या. इतकी वर्षं ती वाटी आणत होती, पण त्या आणण्यात आणि ह्यात फरक होता.

दारात भिंगरी झाडू घेऊन उभी होती. तिचा उंबरा आजोबांनी मोकळा केला होता, मांडणी मात्र पुढच्या बॅचला. आत धाकटी पाला टाकायची थांबली होती. ऐकत होती, नक्कीच.

"किती?" म्हाताऱ्यानं विचारलं.

गोगीच्या तीन असायच्या. थोरलीला ते आठवलंच.

"पाच," ती म्हणाली.

म्हाताऱ्याची बोटं वाटीत फिरली. "पाच," तो म्हणाला, आणि पहिली उचलायला लागला.

"आई," भिंगरी दारातून म्हणाली, "सहा. एक तुझ्या बाहीला चिकटलीय."

थोरलीनं खाली पाहिलं. कोपराजवळ एक लुळी अळी लोंबत होती. तिनं पोरीकडं असं पाहिलं, की दुसरी असती तर तिथनं पळाली असती. गप्प बसता आलं नसतं का कार्टीला? म्हाताऱ्याला कुठं दिसणार होतं?

भिंगरी झाडू धरून तशीच उभी होती, आईच्या डोळ्यांत डोळे घालून, वाट बघत.

थोरलीनं अळी चिमटीत धरून सोडवली आणि वाटीत ठेवली.

"सहा," ती म्हणाली, आतल्या धाकटीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.